खोगीरभरती

घोड्यावर बसायचा मला अनुभव आहे, असं मी मेव्हण्याला फोनवर ठणकावून सांगितलं, ते अगदीच खोटं नव्हतं. १९९८ च्या उन्हाळ्यात कळंबला माझा परण्या निघाला, तेव्हा मांडवापासून मारुतीच्या देवळापर्यंत आणि तिथून परत मी घोड्यावरच होतो. पुढे बँड, मागे वऱ्हाड, डावीकडे एक मामा, उजवीकडे दुसरे मामा आणि माझ्या पुढ्यात बसवलेला भाचा. तोल जाऊ नये म्हणून त्याने माझ्या मुंडावळ्या धरल्या होत्या. मी काय धरलं होतं ते आठवत नाही. फोटो आहे. त्यात कॅमेऱ्याकडे फक्त घोडा बघतोय.

त्यानंतरच्या सत्तावीस वर्षांत घोड्याचा आणि माझा संबंध आला तो आठवीच्या व्याकरणात. मी मराठी शिकवतो. वरातीमागून घोडं, घोडं कुठं पेंड खातं, गंगेत घोडं न्हालं, घोडामैदान जवळच आहे. हे सगळं मी पोरांकडून घोकून घेतलंय, अर्थ सांगून वाक्यात उपयोग करायला लावून. म्हणजे घोडा या विषयाची थिअरी माझी पक्की होती. प्रॅक्टिकल तेवढं राहिलं होतं.

मेव्हणा डोंबिवलीला असतो. २०२५ च्या जुलैत त्याचा फोन आला. ‘‘दाजी, रजा काढा अन् ताईला घेऊन या. माथेरानला जाऊ. पावसात जंगलातून घोड्यावरनं फिरवून आणतात. सोबत माणूस असतो. नवख्यांसाठीच असतंय ते, भ्यायचं काम नाही.’’

‘नवख्यांसाठी’ हा शब्द मला लागला. मी त्याला सुनावलं. म्हटलं, आम्ही तुळजापूरच्या मुलखातली माणसं. अणदूर-नळदुर्गचा खंडोबा आमच्या जिल्ह्यातला. वर्षातले काही महिने एका गावात नि उरलेले दुसऱ्या गावात राहणारा आमचा देव, आणि त्याचं वाहन घोडा. घोडा आमच्या रक्तात आहे. फोन स्पीकरवर होता. बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘त्या हिशेबानं गणपतीच्या भक्तांनी उंदरावर बसून ऑफिसला जायला पाहिजे.’’

जंगलाचंही तसंच. आमच्याकडे जंगल म्हटलं की येडशीचा रामलिंग घाट. चांगलं अभयारण्य आहे, पण उन्हाळ्यात झाडं अशी पानं गाळून उभी राहतात की पलीकडच्या डोंगरावर चरणारी शेळी काळी का तांबडी ते अलीकडून सांगता येतं. (ती बहुतेक काळीच असते. उस्मानाबादी जात. लहानपणी माझी स्वारी तिच्यावरच व्हायची. लोक उंटावरून शेळ्या हाकतात, मी थेट शेळीवरूनच हाकायचो.) २०२४ च्या डिसेंबरात या रामलिंग घाटात एक वाघ दिसला. यवतमाळकडच्या टिपेश्वरहून चारशे-पाचशे किलोमीटर चालत आलेला. सगळ्या जिल्ह्यात खळबळ. मला आता त्या वाघाचं वेगळंच कौतुक वाटतं. तो पायी आला.

आणि पाऊस. आमच्याकडे वर्षाला सात-साडेसातशे मिलिमीटर झाला की लोक पेढे वाटायचेच बाकी असतात. माथेरानला त्याच्या सहापट तरी पडतो. तिथल्या डोंगरमाथ्यावरची झाडी बारा महिने हिरवी असते, हे मी वाचलं होतं. त्या हिरव्याच्या खाली लाल चिखल असतो, हे कुणी लिहिलं नव्हतं.

रात्रीच्या लातूर-मुंबई गाडीत बसलो. येडशी मागे पडली तेव्हा मला एव्हरार्ड कॅलथ्रॉप आठवला. हा इंग्रज इंजिनिअर म्हणजे आमच्या बार्शी लाइट रेल्वेचा बाप. अडीच फुटी रुळांवरची ही गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला पोचली आणि १९११ मध्ये येडशीवरून लातूरला. हा गृहस्थ पक्का घोडेवेडा. अरबी घोडे पाळायचा. १९२० मध्ये त्याने घोड्यावर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच घोडा हा आपला सोबती आणि मित्र असल्याचं सांगून टाकलं. आणि याच माणसाने विमानातून उडी टाकण्यासाठी ‘गार्डियन एंजल’ नावाचं पॅराशूटही तयार केलं. एकाच डोक्यात घोडा आणि पॅराशूट एकत्र कसे काय नांदले, याचं मला त्या रात्री नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास ते फिटलं.

कल्याणला उतरलो, कर्जत लोकलने नेरळ, तिथून टॅक्सीने घाट चढून दस्तुरी नाका. इथे मोटारगाड्या संपतात आणि एकोणिसावं शतक सुरू होतं. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आला आणि साहेबांना थंड हवेची जागा सापडली. पुढे १९०७ मध्ये पीरभॉय मंडळींनी नेरळहून वर छोटी रेल्वे आणली, पण पावसाळ्यात ती घाटात बंदच असते. तेव्हा त्या दिवशी दस्तुरीवरून पुढे जायचं तर आपले पाय, अमन लॉजपासूनची शटल गाडी, थोड्याफार ई-रिक्षा, माणसाने ओढायची हातरिक्षा किंवा घोडा. हातरिक्षावाल्या एका म्हाताऱ्याने मला पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा म्हणून सांगितलं. त्या म्हाताऱ्याची नजर आठवली की वाटतं, निकालाला माझाही थोडा हातभार लागला असावा.

घोडे मात्र भरपूर. साडेचारशेच्या वर परवाने आहेत म्हणतात आणि त्यातले निम्मे तरी मला त्या नाक्यावर एकदमच दिसले. पावसात भिजून चकाकणारे, एक पाय सैल सोडून उभ्या-उभ्या पेंगणारे. पंचविशीतला एक घोडेवाला पुढे आला. अंगावर प्लास्टिकचा कागद, पायात गमबूट. त्याने मला बाजारात बैल बघतात तसं वरपासून खालपर्यंत बघितलं.

‘‘वजन किती, काका?’’

‘‘ऐंशी.’’

‘‘खरं सांगा. मला नाही, त्याला उचलायचंय.’’

‘‘ब्याण्णव.’’

त्याने हातातल्या तपकिरी घोड्याची दोरी सोडली आणि मागून एक दांडगा पांढरा घोडा पुढे घेतला. नाव विचारलं तर म्हणाला, बादल. संध्याकाळी हाच घोडा तो एका गुजराती पोराला चेतक म्हणून दाखवत होता. मला राग आला नाही. नाव बदललं तरी ठिकाण तेच राहतं, हे उस्मानाबादकरांचे धाराशिवकर झालेल्या आम्हाला वेगळं सांगायला नको.

जांभ्याच्या एका ओट्यावर मला उभं केलं. डोक्याला हेल्मेट घातलं. खरी गरज कुठे पडणार आहे याची त्या हेल्मेट बनवणाऱ्याला कल्पना नसावी. शुभकार्याला उजवा पाय आधी, या संस्काराने मी उजवा पाय रिकिबीत घातला आणि डावा उचलणार, तोच त्याने माझा पट्टा धरला.

‘‘काका, डावा पाय! असे बसलात तर शेपूट धरून जावं लागेल.’’

पाय बदलला. एक, दोन, तीन म्हणत त्याने खालून खांदा दिला, मेव्हण्याने वरून हात दिला, आणि पोत्याला थप्पीवर चढवतात तसा मी खोगिरावर चढलो. बादलने दीर्घ श्वास सोडला. मीही सोडला. खालून पाहताना हा घोडा बेताचा वाटला होता. वर बसल्यावर कळलं की आपण दुसऱ्या मजल्यावर आहोत आणि जिन्याला कठडा नाही.

सूचना तीनच होत्या. रिकिबीत पाऊल निम्मंच घालायचं, टाच खाली ठेवायची. चढाला पुढे वाकायचं. उताराला मागे रेलायचं. इतकं सोपं गणित मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि इतक्या सातत्याने चुकवलंही नव्हतं. माणसाचं शरीर धोका दिसला की त्यापासून लांब जातं. समोर चढ आला की मी मागे जायचो, उतार आला की घाबरून घोड्याच्या मानेला मिठी मारायचो. ‘‘पुढे, काका! आता मागे, काका!’’ असा खालून गजर चालू. वारीत टाळकऱ्यांना पावली घालताना पाहिलंय. माझी वर बसून पावली चालली होती, फक्त टाळाचा आणि पायाचा मेळ नव्हता.

घोडा चालतो तेव्हा त्याचे चार पाय ही चार स्वतंत्र खाती असतात आणि त्यांच्यात पत्रव्यवहार नसतो, हे तिथे कळलं. प्रत्येक पावलाची नोंद मात्र वेगवेगळी माझ्या मणक्यात होत होती. दहा मिनिटांनी त्याने थोडा वेग घेतला. ‘‘ही दुडकी चाल, काका,’’ घोडेवाला बाजूने पळत म्हणाला. ‘दुडकी’ म्हणजे लहान मुलाची आनंदी, लाडिक चाल, असं मी वर्गात सत्तावीस वर्षं सांगत आलोय. त्या सगळ्या बॅचेसची मी इथे जाहीर माफी मागतो.

बायको घोड्यावर बसली नव्हती. ती छत्री घेऊन शेजारून चालत होती, हातात भाजलेलं कणीस. चालता चालता तिने घोडेवाल्याला किती भावंडं, घरी कोण कोण, बादलला दिवसाला हरभरा किती, कोंडा किती, नाल किती दिवसांनी बदलता, सगळं विचारून घेतलं. नाल झिजली की हा ओल्या फरशीवर घसरतो, जुन्या मातीच्या वाटेवर बरा चालतो, ही माहिती तिला मिळाली आणि मला वरून ऐकावी लागली. समोरून आलेल्या बायकांचा घोळका आमच्याकडे बघून हसला. ‘‘बघ गं, काका वर नि काकू चिखलात.’’ शंकर-पार्वती नंदीला घेऊन निघाले ती गोष्ट मला आठवली. त्या गोष्टीत निदान जागा बदलायची सोय होती. मला उतरता येत नव्हतं.

मग बाजाराकडचा मोठा रस्ता सुटला आणि वाट जंगलात शिरली. इथे मात्र खोटं बोलण्यात अर्थ नाही. जागा विलक्षण होती. पाऊस थांबला होता, पण तो फक्त आभाळात थांबला होता. झाडांच्या आत अजून पडतच होता. एका पानावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर. जांभूळ, हिरडा, अंजनी, असं घोडेवाला एकेक नाव सांगत होता. बुंध्यांवर बोटभर जाडीचं शेवाळ, त्यात नेच्यांची पानं, फांद्यांच्या बेचक्यात आमरीची रोपं. धुकं इतकं की पुढे मेव्हण्याच्या घोड्याचं शेपूट दिसत होतं, घोडा नाही. तेवढ्यात झाडीतून कुणीतरी शीळ घातली. रिकामटेकडा पोरगा गाणं विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो तशी. मला वाटलं, माझी बैठक बघून कुणीतरी टिंगल करतंय. घोडेवाला म्हणाला, पक्षी आहे तो. शीळकरी कस्तूर. पावसाळ्यात असाच गातो. माझ्याकडे बघून नाही.

वाटेवर एक गोष्ट मात्र मी अगदी जवळून पाहिली, कारण त्या वेळी मी मानेला मिठी मारून होतो. चढावर झाडाच्या मुळांच्या मध्ये मातीत खळगे पडले होते. प्रत्येक खळगा बरोबर खुराएवढा, काठोकाठ भरलेला, पाण्याचा रंग फार उकळलेल्या चहाचा. बादल पाऊल टाकत होता ते नेमकं त्या खळग्यांतच. एक सोडून दुसरा नाही, अलीकडे नाही, पलीकडे नाही. शंभर घोड्यांनी पाडलेल्या त्या पायऱ्या होत्या आणि त्याने वर कोण बसलंय हे न बघता त्या शेकडो वेळा मोजल्या असणार. मुक्कामही ठरलेले. एका चहाच्या टपरीसमोर तो आपोआप थांबला. टपरीवाल्याने त्याला गुळाचा खडा दिला, मला विचारलंसुद्धा नाही. पुढे एका जांभळीखाली पुन्हा थांबला, नैसर्गिक कारणासाठी, निवांत.

तरीही माझ्यातला सरदार मेला नव्हता. एके ठिकाणी वाट फुटली. डावी वाट मला रुंद आणि सभ्य वाटली. मी लगाम डावीकडे ओढला. बादल उजवीकडे गेला. मी आणखी जोरात ओढला. तो थांबला, मान वळवली आणि एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्या तासाला शेवटच्या बाकावरची पोरं बघतात ती नजर.

‘‘लगाम ओढू नका, काका. त्याला रस्ता माहितीये. तुम्ही फक्त बसा.’’

‘‘मग लगाम दिलाय कशाला?’’

‘‘हातात काहीतरी असलं की माणूस गप्प बसतो.’’

हे वाक्य मी अजून विसरलो नाही. शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला तीन समित्यांचं अध्यक्ष का केलंय, ते त्या क्षणी उलगडलं.

घोड्याला जवळपास चहूबाजूंनी दिसतं. फक्त शेपटीमागचं आणि अगदी नाकासमोरचं दिसत नाही. हेही त्या पोराने सांगितलं, आणि मला ते फार लागलं. आयुष्यभर नाकासमोर चाललेल्या माणसाला नेमका असा घोडा मिळावा! ते ‘नाकासमोर’ पाच मिनिटांत आलंच. वळणावर एका हौशी पर्यटकाने फटकन छत्री उघडली. बादल बुजला. फार नाही, आठ-दहा उड्या. घोडेवाल्याच्या हातातून दोरी सुटली. मी ओरडलो. काय ओरडलो त्याचा पुरावा मेव्हण्याच्या मोबाइलमध्ये आहे आणि तो आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कायमचा मुक्कामाला आहे. मी ओरडलो होतो, ‘‘अहो! अहो, थांबा! थांबा ना जरा!’’ सत्तावीस वर्षांची शिक्षकी नोकरी. संकटातसुद्धा घोड्याला एकेरी हाक मारवली नाही.

बादल थांबला तो माझं ऐकून नाही. ओढ्याच्या काठी कोवळं गवत होतं. त्याने पुढचे दोन पाय पाण्यात टाकले आणि खाण्यासाठी मान खाली घातली, सरळ, जमिनीपर्यंत. इतका वेळ माझ्यासमोर जी मान होती, ती नाहीशी झाली आणि तिच्या जागी उतार आला. मी सूचना आठवली. उताराला मागे. सूचना बरोबर आठवली, शरीर पुढे गेलं. पडलो म्हणणं चूक ठरेल. पडण्यात काहीतरी वेग असतो. मी घरंगळलो. अयाळीवरून, कानांच्या मधून, पोरं बागेतल्या घसरगुंडीवरून येतात तसा, अगदी सावकाश, वाटेत दोन्ही कानांची क्षमा मागत. कॅलथ्रॉपसाहेबांची आठवण तिथेच आली. ओढ्यात बसलो तेव्हा बादलचं नाक माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर होतं. तो गवत चघळत होता. घोडं कुठं पेंड खातं, या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं. गंगेत घोडं न्हालं होतं की नाही सांगता येत नाही, मास्तर नक्की न्हाले होते.

‘‘लागलं का?’’ घोडेवाल्याने धावत येऊन विचारलं. बायको आधी म्हणाली, ‘‘त्यांना काही होत नाही. घोड्याचे कान बघा.’’

लागलं नव्हतं. चिखल मऊ होता. पण पुन्हा चढायला ओटा नव्हता, आणि ब्याण्णव किलो जमिनीवरून उचलायची त्या पोराची तयारी नव्हती. उरलेली फेरी मी पायी केली. दोरी माझ्या हातात, मागे बादल, मोकळा. विचित्र म्हणजे, असे आम्ही चाललो तेव्हा आमचं छान जमलं. शार्लट तलावापाशी पोचलो. माथेरानला इथूनही पाणी मिळतं. काठावर पिसारनाथाचं देऊळ आहे. डोक्यापासून बुटापर्यंत लाल झालेला मी पायरीशी उभा राहिलो. खंडोबाच्या दर्शनाला गेलं की माणूस भंडाऱ्याने पिवळा होऊन येतो, इथे तांबडा होऊन आलो होतो. एका आजींनी मला बघून हात जोडले. कशाला ते विचारायची हिंमत झाली नाही. एको पॉइंटला धुक्यात काहीच दिसलं नाही. मेव्हण्याने दरीकडे तोंड करून ‘‘अहो, थांबा!’’ अशी हाळी दिली. दरीने ती तीनदा परत केली.

पैसे मी पूर्ण फेरीचे दिले. घोडेवाला अर्धेच घेत होता, पण अर्धे दिले असते तर पडलो हे कागदोपत्री मान्य केल्यासारखं झालं असतं.

रात्री पालथा झोपलो. सकाळी परत निघालो, अर्थात पायी. दस्तुरीच्या वाटेवर समोरून तोच घोडेवाला आला. आज त्याच्याकडे बादल नव्हता, थोरल्या भावाचा सामानाचा घोडा होता. पाठीवर दोन्ही अंगांना एकेक गॅसचा सिलिंडर, दोरखंडाने आवळलेला. घोडा झपाझप चढत होता, सिलिंडर ताठ, जागचे हलत नव्हते. चढालाही नाहीत, वळणालाही नाहीत. मी वाट सोडून बाजूला झालो.

‘‘भरलेले दोन म्हणजे साठ किलो,’’ तो न थांबता म्हणाला. ‘‘तुमच्यात तीन बसले असते, काका.’’

‘‘जड पडत असतील,’’ मी म्हटलं.

‘‘नाही हो. सिलिंडर लगाम ओढत नाही.’’